आधी पट्टी, मग हातोडी

खंडेनवमी जवळ आली की हत्यारांविषयीची पत्रं वाढतात. वर्षभर कोपऱ्यात पडलेली पक्कड, पाने, करवत त्या दिवशी पाटावर मांडायची म्हणून पुसायला घेतली जातात. पुसताना कळतं की पकडीची तोंडं जुळत नाहीत, करवतीचे दात गेलेत, स्क्रू ड्रायव्हरचं टोक झिजून गोल झालंय. मग नवीन घ्यायचं तर काय घ्यायचं, हा प्रश्न येतो. शिवाजी उद्यमनगरातल्या टूलरूममध्ये माझी चाळीस वर्षं गेली. त्या कामाच्या आधारावर उत्तरं देतो आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

शंका : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. फुलेवाडीत नुकतंच घर घेतलं. शंभरावर नगांचा हत्यारांचा संच स्वस्तात मिळतोय. तो घ्यावा की एकेक हत्यार घ्यावं? सुरुवात कशापासून करावी?

समाधान : संच घेऊ नका. अशा पेटीत नगांची संख्या भरते ती स्क्रू ड्रायव्हरच्या सुट्या टोकांनी, सॉकेटनी आणि खिळ्या-स्क्रूंनी. त्यातले पाच-सहा नग तुमच्या हाताला लागतील. तेच हलक्या लोखंडाचे निघाले तर पहिल्याच घट्ट स्क्रूला टोक पिळून जातं. जाताना ते स्क्रूचं डोकंही खाऊन टाकतं, आणि मग तो एक स्क्रू काढायला कारागीर बोलवावा लागतो. तेवढ्याच पैशात चार-पाच चांगली हत्यारं येतात आणि ती तुमची मुलंही वापरतील.

बहुतेक लोक पहिली खरेदी हातोडीची करतात. तुम्ही तसं करू नका. घरातली बिघडलेली कामं मी पुष्कळ बघितली. तिरका लागलेला पडद्याचा रॉड, दोन बोटं खाली गेलेली फळी, भिंतीला पडलेली नको तिथली भोकं. ठोकण्यात चूक क्वचितच असते, चूक मापात असते. म्हणून पहिली हत्यारं मोजायची : पाच मीटरची टेप, बारा इंची स्टीलची पट्टी आणि फूटभर लांबीची स्पिरिट लेव्हल.

टेप घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्या टोकाची पत्र्याची आकडी किंचित पुढे-मागे हलते. गिऱ्हाईक ती हलताना बघून 'सैल आहे' म्हणून टेप परत देतं. ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. आकडी जेवढ्या जाडीची, तेवढीच ती सरकते. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की ती बाहेर सरकते, खिडकीच्या चौकटीत आतून टेकवलं की आत सरकते, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. गच्च बसवलेली आकडी एका बाजूला हमखास चुकीचं माप देईल.

लेव्हल तर दुकानातच तपासून घ्यायची. काउंटरवर ठेवा, बुडबुडा कुठे थांबतो ते बघा. मग तिचं डावं टोक उजवीकडे करून त्याच जागेवर ठेवा. काउंटर तिरका असला तरी बिघडत नाही. लेव्हल खरी असेल तर बुडबुडा दोन्ही वेळा काउंटरच्या त्याच बाजूला आणि तेवढाच सरकलेला दिसतो. तसा दिसला नाही तर ती लेव्हल खाली ठेवा आणि दुसरी मागा. चांगला दुकानदार याला रागावत नाही. उद्यमनगरातल्या दुकानांत तर फिटर लोक गुण्यासुद्धा असाच तपासून घेतात. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ मारायची. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या काटकोनात आहे. वर जाताना त्या फाकल्या तर नाही.

आता पक्कड. आठ इंची साधी पक्कड घ्या. बंद करून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत आणि तार तोडायच्या धारेतून उजेड दिसता कामा नये. वर्तमानपत्राचा कपटा त्या धारेत धरून दाबा. तो स्वच्छ कापला गेला पाहिजे. नुसता चेपून अडकून बसला तर ती पक्कड बारीक तार तोडणार नाही, चावून ठेवेल. मग दोन्ही मुठी हातात घेऊन आडव्या हलवून बघा. सांध्यात खेळ असेल तर वर्षभरात तोंडं फाकतात. आमच्या पिढीनं नाशिकच्या टपारियाच्या पकडी वापरल्या. माझ्या घरातली अजून धार धरून आहे. नाव कुठलंही असो, ही परीक्षा मात्र सोडू नका.

स्क्रू ड्रायव्हर तीन पुरतात : दोन चौफुलीचे म्हणजे प्लसचे, एक चपटा. प्लसमध्ये 2 नंबरचं टोक घरातल्या बहुतेक स्क्रूंना बसतं, 1 नंबरचं खेळण्यांना आणि लहान उपकरणांना. क्रोम व्हॅनेडियम स्टीलचे घ्या. टोक स्क्रूच्या खाचेत बसवून हात सोडला तर ते डगमगता कामा नये. बसत नसलेलं टोक जोर लावून फिरवणं म्हणजे पुढच्या खर्चाची सोय करणं.

हातोडी शेवटी. मागे खिळा उपटायची फट असलेली, अर्ध्या किलोच्या आसपासची. आणि एक दहा इंची ॲडजस्टेबल पाना. तो लावताना हलणारा जबडा कुठल्या बाजूला आहे ते बघून लावा. ताण पक्क्या जबड्यावर यायला हवा. उलटा लावला की जबडा सैल होतो, पाना निसटतो आणि बोटांची सालटी भिंतीला लागतात. एवढ्या सामानाला लाकडी पेटी पुरे. ड्रिल मशीन आत्ताच नको. वर्षाला चार भोकं पाडायची तर ते शेजाऱ्याकडून आणलेलं बरं, आणि त्या पैशात डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा घ्या.

शंका : मी निवृत्त शिक्षिका, राजारामपुरीत राहते. मुलं पुण्याला आहेत. बटण बदलणं, प्लगची वायर बसवणं अशी कामं मला स्वतः करायची आहेत. टेस्टर लावून खात्री केली की हात घालायला हरकत नाही ना?

समाधान : बाई, हरकत आहे. तुम्ही हे शिकता आहात याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून नीट सांगतो.

टेस्टर पेटला तर वीज आहे असं समजायचं. पेटला नाही तर वीज नाही, असं मात्र समजायचं नाही. टेस्टरच्या आत एक छोटा निऑनचा दिवा आणि मोठा रोध असतो. तुम्ही मागच्या टोपणावर बोट ठेवता तेव्हा अगदी थोडा प्रवाह तुमच्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या असाल, पायात जाड रबरी चप्पल असेल तर तो मंद पेटतो. भरदुपारी खिडकीपाशी पेटलेलाही दिसत नाही. शिवाय कुठेतरी न्यूट्रलची तार तुटलेली असेल तर जी तार निर्धोक समजतो तिच्यातही वीज उभी असते.

म्हणून आधी एमसीबी खाली करायचा. मग टेस्टर प्रथम दुसऱ्या चालू प्लगात लावून तो पेटतो का ते बघायचं. मग कामाच्या जागी प्रत्येक तारेला लावायचा. मग परत चालू प्लगात लावायचा. मधल्या वेळेत टेस्टरच मेलेला नाही याची खात्री तिसऱ्या वेळेनं होते. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही त्याच्याकडून 230 व्होल्ट येत राहतात. लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टर बसले, पण कोणती बटणं त्यावर आहेत हे घरातल्यांना माहीत नसतं. इलेक्ट्रिशियन पुढच्या वेळी आला की त्या बटणांवर त्याच्याकडून लाल टिकली चिकटवून घ्या.

हत्यारांच्या मुठीबद्दल लोकांची मोठी गैरसमजूत आहे. पकडीला लाल-पिवळं प्लास्टिक चढवलेलं दिसलं की ती विजेच्या कामाची, असं धरून चालतात. ते प्लास्टिक हाताला धरायला बरं लागावं म्हणून असतं. विजेच्या कामासाठी तपासलेल्या हत्याराच्या मुठीवर एकात एक दोन त्रिकोणांची खूण आणि '1000 व्होल्ट' असा आकडा छापलेला असतो. तुमच्या पेटीत तसा एक स्क्रू ड्रायव्हर, तशी एक पक्कड, वायर सोलायचं हत्यार, टेस्टर, इन्सुलेशन टेप आणि कपाळावर बांधायची बॅटरी एवढं ठेवा. बटण आणि प्लग तुम्ही जरूर बदला. गीझर, मीटर आणि इन्व्हर्टरला हात लावू नका.

शंका : कागल तालुक्यात शेती आहे. विहिरीवर मोटर, घरी मोटरसायकल, पॉवर टिलर. बारीकसारीक दुरुस्तीला दर वेळी कागलला जावं लागतं. पाने कोणते घ्यावेत? ॲडजस्टेबल पाना एकच घेतला तर सगळ्यांना चालेल का?

समाधान : दादा, ॲडजस्टेबल पाना सगळ्यांना बसतो आणि म्हणूनच कुठल्याच नटाला नीट बसत नाही. घट्ट गंजलेल्या नटाला तो लावलात तर नटाचे कोपरे गोल होतात. तुम्हाला आठ नगांचा दुतोंडी पान्यांचा संच लागेल, 6-7 पासून 20-22 पर्यंत. पण त्याहून आधी रिंग पाने घ्या, निदान 10-11, 12-13, 16-17 आणि 18-19 एवढे तरी. रिंग पाना नटाला चारी बाजूंनी कवळतो. नट आधी रिंगनं ढिला करायचा, मग उघड्या तोंडाच्या पान्यानं भराभर काढायचा. 6 मिलिमीटरच्या बोल्टला 10 चा पाना लागतो, 8 च्या बोल्टला 13 चा, 10 च्या बोल्टला 17 चा, 12 च्या बोल्टला 19 चा. हे चार आकडे मोटरच्या शेडमध्ये भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. नवीन मालात 10 आणि 12 च्या बोल्टना 16 आणि 18 ची डोकीही येऊ लागली आहेत, म्हणून तेही हाताशी असावेत.

तुमच्याकडे आजोबांच्या वेळचं ऑइल इंजिन अजून असेल तर त्यावर इंची नट भेटतील. पाऊण इंची नट म्हणजे 19.05 मिलिमीटर, त्याला 19 चा पाना चालून जातो. पण अर्धा इंची नट म्हणजे 12.7. त्याला 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे खातो. अशा एक-दोन मापांचे इंची पाने जुन्या बाजारातून घेऊन ठेवा.

गंजलेल्या नटावर रात्री डिझेल सोडा, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके टोले द्या आणि मग पाना लावा. पान्याला लोखंडी पाइप घालून लांब करू नका. बोल्ट तुटतो, आणि तुटलेला बोल्ट भोकातून काढायला कागलला जावंच लागतं. तीन फेजच्या स्टार्टरला मात्र तुम्ही हात लावायचा नाही. पाण्याजवळचं, ओल्या जमिनीवरचं काम आहे ते.

शंका : नळाची चकती बदलताना पाइप पान्यानं नवीन नळाच्या चकचकीत नटावर ओरखडे पडले. काय चुकलं? (इचलकरंजी)

समाधान : पाइप पान्याला दात असतात, ते खरबरीत जीआय पाइपाला धरण्यासाठी. चकाकी असलेल्या नटाला गुळगुळीत जबड्याचा ॲडजस्टेबल पाना लावायचा, मध्ये सुती फडक्याची घडी घालून. टेफ्लॉन टेप आट्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे नळ फिरवताना ती उलगडत नाही.

शंका : माझं वय 19. कळंब्याच्या आयटीआयमधून फिटर झालो. शिरोली एमआयडीसीत एका पॅटर्न शॉपमध्ये लागलो आहे. मिस्त्री म्हणतात, स्वतःची हत्यारं घे. पण आता पॅटर्न सीएनसीवर होतात. मग पगार हातहत्यारांवर घालवण्यात अर्थ आहे का? घ्यायची तर कोणती?

समाधान : बाळा, तुझ्या पत्राला सगळ्यात मोठं उत्तर देतो, कारण तुझ्या हातावर या गावाचा धंदा उभा आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या सगळ्या वसाहतींत ओतकामाच्या भट्ट्या चालतात, आणि प्रत्येक ओतीव नगाच्या आधी कुणीतरी त्याचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, केलेला असतो. पॅटर्न चुकला की पुढे हजार नग चुकतात. तिथे चूक सुधारायला दुसरी जागा नाही.

पहिलं हत्यार कॉन्ट्रॅक्शन पट्टी. दिसायला साधी स्टीलची पट्टी, पण तिच्यावरचं 300 मिलिमीटर खऱ्या 300 पेक्षा मोठं असतं. तापलेला रस साच्यात थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण शेकडा एक आकसतं. जुने मिस्त्री याला 'फुटाला एक सूत' म्हणायचे, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पोलाद त्याच्या दुप्पट, म्हणजे फुटाला दोन सूत. ॲल्युमिनियम या दोन्हींच्या मध्ये, बिडाच्या जवळ. म्हणजे तुझ्या बिडाच्या पट्टीवरचं 300 हे साध्या पट्टीवर 303 दिसेल. दोन्ही पट्ट्या पेटीत शेजारी ठेवू नकोस. कॉन्ट्रॅक्शन पट्टीच्या टोकाला लाल रंगाचा पट्टा मार आणि तिचा खण वेगळा ठेव. घाईत साधी पट्टी हातात आली आणि अख्खा पॅटर्न तीन मिलिमीटर कमी झाला, असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तो जाळावा लागला.

मग गुण्या, कंपास, मार्किंग गेज. मग पटाश्या : सहा, बारा आणि पंचवीस मिलिमीटरच्या चपट्या, एक-दोन गोल तोंडाच्या. एक लहान रंधा. लाकडासाठी अर्धगोल कानस आणि शेवटचा हात देण्यासाठी बारीक दाताची. कानशी घेताना भारीतल्या घे. रत्नागिरीला जेके फाइल्सचा कारखाना आहे, तो माल इथे सहज मिळतो.

कानशीची मूठ आधी घे आणि कानस मग. हे मी कळकळीनं सांगतो. मी उमेदवार असताना मूठ न बसवलेली कानस वापरत होतो. शॉपमध्ये सगळेच तशा वापरायचे. जॉबला कानस अडकली, माझा हात पुढे गेला आणि मागचं टोक तळव्यात घुसलं. उजव्या तळव्यात अंगठ्याखाली तो वण आजही आहे, आणि थंडीत मूठ पूर्ण वळत नाही. मूठ बाभळीची किंवा धावड्याची चालेल. भोक टोकापेक्षा थोडं लहान पाड, टोक बसवून मुठीचा बुडखा लाकडावर आपट, म्हणजे कानस आपल्या वजनानं आत बसते. कानशीवर हातोडी मारू नकोस. ती काचेसारखी तडकते.

सीएनसीबद्दल विचारलंस. मशीन लाकूड किंवा रेझिन कापून देतं, पण वाळूतून पॅटर्न उचलताना तो कुठे अडकेल हे हाताला कळतं. बाजूंना दीड-दोन अंशांचा उतार बरोबर पडलाय का, आतल्या कोपऱ्याला गोलाई पुरेशी आहे का, हे बोट फिरवून बघणारा माणूस मशीनशेजारी लागतोच. ज्याला पटाशी धरता येते त्याला प्रोग्राममधली चूकही लवकर दिसते, कारण कोपऱ्यात लाकूड कसं वागतं ते त्यानं अनुभवलेलं असतं.

आणि हातानं काय होतं याचं उदाहरण तुझ्याच गावात आहे. 1918च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरात तयार केला. फिल्मची पट्टी एकेका चौकटीनं पुढे सरकवायची, क्षणभर पक्की थांबवायची, परत सरकवायची. या कामात दातेरी भागांमधला केसाएवढा फरकही पडद्यावर थरथर होऊन दिसतो. 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांनी पडद्यावर बघितला. बाबूरावांचं आडनाव मेस्त्री होतं, हे तू विसरू नकोस.

सगळं एकदम घेऊ नकोस. पहिल्या पगारात पट्टी आणि गुण्या. दुसऱ्या पगारात दोन पटाश्या आणि धार लावायचा दगड. पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला कामाची धार नसते, ती तुला पाजवावी लागते. 25 अंशांचा उतार ग्राइंडरवर, पण पाण्यात बुडवत बुडवत. टोकाला निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं, तेवढा भाग घासून टाकावा लागतो. त्यावर 30 अंशांची बारीक धार दगडावर. मनगटावरचे केस निघाले की पुरे. हत्यारांवर आपलं अक्षर कोरून ठेव. शॉपमध्ये हत्यारं हरवतात ती चोरीनं क्वचित, जास्त करून सारखी दिसतात म्हणून.

शंका : प्रयाग चिखलीला आमचं घर आहे. आजोबा सुतार होते. त्यांची पेटी 2019 च्या पुरात बुडाली, कशीबशी पुसून ठेवली, 2021 ला परत बुडाली. वाकस, रंधे, पटाश्या, गिरमिट, करवती सगळं गंजून एकजीव झालंय. घरचे भंगारात द्या म्हणतात. वाचेल का? आणि वाचवून काय करू, मी बँकेत नोकरी करतो.

समाधान : भाऊ, भंगारात देऊ नका. बहुतेक वाचेल. जुन्या वाकसाचं आणि पटाशीचं पोलाद चांगलं असतं, गंज वरवरचा असतो.

पंचगंगेचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्याबरोबर बारीक गाळ येतो. तो गाळ सांध्यात, रंध्याच्या तोंडात, करवतीच्या मुठीत बसतो आणि ओल धरून ठेवतो. पहिल्या वेळी तुम्ही पुसलंत पण धुतलं नाहीत, म्हणून आतून गंज चालू राहिला. आता सगळं सुटं करा. रंध्यातली पाचर हलक्या टोल्यानं काढा, पातं वेगळं करा. लोखंडी भाग स्वच्छ पाण्यानं आणि ब्रशनं धुवा, कोरडे करा. एक रात्र रॉकेलमध्ये ठेवा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल. सकाळी तारेच्या ब्रशनं घासा. सुटा गंज इथेच निघतो.

उरलेल्या गंजासाठी लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. आधी साबणानं रॉकेलचा ओशटपणा काढा, नाहीतर आम्ल पोचत नाही. दोन तास ठेवून बघा, गरज असेल तर आणखी दोन. दिवसभर विसरून राहू नका, ते गंज संपल्यावर चांगलं लोखंड खायला लागतं. काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्यानं धुवा, आणि लगेच कोरडं करून तेल लावा. 'लगेच' म्हणजे चहा प्यायला जायचं नाही. उघडं लोखंड आपल्याकडच्या पावसाळी हवेत अर्ध्या तासात तांबूस होतं. तेल शिलाई मशीनचं किंवा ग्रीसचा पातळ हात. खोबरेल लावू नका, ते काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं.

लाकडी भाग उन्हात ठेवू नका. पुरात भिजून सुकलेलं लाकूड आधीच ताणलेलं असतं, उन्हात तडकेल. सावलीत, वाऱ्याला, जमिनीपासून वर. पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात. वाकसाचा दांडा सैल झाला असेल तर पाण्यात भिजवून घट्ट करायचा मोह होईल. ते आठवडाभर टिकतं, वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त सैल होतो आणि घावाबरोबर पातं उडून जातं. जुनी पाचर काढून नवी बसवा. दांड्याला आडवा तडा गेलेला दिसला तर दांडाच नवा.

करवतीचे दात गेले असतील तर तेवढं काम जाणत्या सुताराकडून करून घ्या. दातांना डावी-उजवी कड द्यायची असते, ते शिकायला वेळ लागतो. बाकी सगळं तुम्ही रविवारी घरी करू शकता. पेटी पुन्हा जमिनीवर ठेवू नका, आणि गोणपाटात गुंडाळू नका, गोणपाट ओल ओढतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना इशाऱ्याची पातळी गाठतं, 43 ला धोक्याची. तुमच्या गावाला त्याचा अर्थ मी सांगायला नको. इशाऱ्याची बातमी आली की जनावरं आणि धान्याबरोबर ही पेटीही वरच्या मजल्यावर गेली पाहिजे. म्हणून ती एका माणसाला उचलेल एवढीच भरा, जड असेल तर दोन पेट्या करा.

वाचवून काय करू, असं विचारलंत. आधी एक पाट करा. सागाची जुनी फळी, खाली दोन पट्ट्या, चार स्क्रू. आजोबांच्या गुण्यानं काटकोन बघा, त्यांच्या करवतीनं कापा, त्यांच्या रंध्यानं कड साफ करा. रंध्याच्या मागच्या टोकाला, जिथे तळवा टेकतो, लाकूड झिजून खळगा झालेला असेल. गंज काढताना सँडपेपर हातात असतो आणि तो खळगाही गुळगुळीत करावासा वाटतो. तिथे सँडपेपर लावू नका. नुसतं तेल चोळा, दोन दिवस रंधा उभा ठेवा, आणि मग पातं बसवा. पातं किती बाहेर काढायचं ते बोटानं ठरवू नका. रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरा. तळाच्या सपाटीवर पात्याची केसाएवढी काळी रेघ दिसली की थांबा आणि पाचर ठोका.